तोंड काळं करायचा धंदा

कुणी धंदा विचारला की मी सरळ सांगत असे, "तोंडं काळी करायचा." बाहेरगावचा माणूस दचकून दोन पावलं मागं व्हायचा. बिदरचा हसायचा, कारण हा बिदरीवाला आहे हे त्याच्या लगेच ध्यानात यायचं. या अंकाच्या संपादकांनी मला 'बिदरी कलेचा वैभवशाली वारसा' या विषयावर लिहायला सांगितलं आहे. वैभव मी पाहिलेलं नाही, आणि वारसा म्हणाल तर वडिलांकडून मला एक ऐरण मिळाली आणि गुडघेदुखी. तेव्हा वारशावर दुसऱ्या कुणी लिहावं. मी बाहुल्यांवर लिहितो.

आधी धंदा काय तो सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. जस्त पुष्कळ आणि तांबं थोडं, असं वितळवून मातीच्या साच्यात ओतायचं. वस्तू निघते ती करडी, मरगळलेली. ती कानशीनं घासायची आणि वरून मोरचूद फिरवायचा, म्हणजे तात्पुरती काळपट होते आणि छिन्नीनं काढलेल्या रेघा दिसतात. त्या रेघांच्या खाचांत चांदीची तार ठोकून बसवायची. मग पुन्हा घासायचं. आता मोरचुदाचा रंग गेलेला असतो आणि चांदी कुठली, जस्त कुठलं, हे करणाऱ्यालाही नीट ओळखू येत नाही. सगळं एकसारखं करडं. शेवटी येते बिदरच्या किल्ल्यातली माती. जुन्या इमारतींच्या आतली, वर्षानुवर्षं ऊन-पाऊस न लागलेली. ती नवसागर आणि पाण्यात कालवून तापवलेल्या वस्तूवर चोळायची. जस्त काळंकुट्ट होतं, चांदीला काही होत नाही. धुऊन तेलाचा हात फिरवला की काम संपलं. माती चांगली की वाईट हे आम्ही जिभेवर ठेवून पारखतो. असा थोडा थोडा करून मी बराच किल्ला खाल्ला आहे.

गिऱ्हाइकांना यातलं काही ठाऊक नसतं. एका तहसीलदारीणबाईंनी माझ्याकडून पानदान नेलं आणि थोड्या दिवसांनी तावातावानं परत आणलं. म्हणाल्या, "किती मळकं दिलंत हो. चिंच आणि राख लावून घासता घासता हात मोडले माझे." पानदान लखलखीत करडं झालं होतं. मी म्हणालो, "बाई, तो मळ नव्हता, माझी मजुरी होती." त्यांना काही ते पटलं नाही. उलट पुढच्या वेळी नीट धुऊन देत जा, असं बजावून त्या गेल्या.

पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं आणि आमचं खरं गिऱ्हाईक पाहता पाहता नाहीसं झालं. हुक्के आणि सुरया घेणारे नबाब, जहागीरदार आपापली दारं लावून बसले. देशाला स्वातंत्र्य मिळालं आणि माझ्या वाट्याला शेरवानीची बटणं करणं आलं. त्याच दिवसांत हणमंता माझ्या भात्यावर कामाला लागला. चाळिशी ओलांडलेला, काटक, कमी बोलणारा माणूस. खटकचिंचोळीच्या अलीकडच्या एका गावातून आला होता. गावाचं नाव लिहीत नाही, कारण तिथल्या देशमुखांची नातवंडं अजून आहेत आणि त्यांच्या मिशाही आहेत.

या गावात वेठ होती. आमच्या बाजूच्या पुष्कळ गावांत होती, पण इथली जरा घोटीव होती. देशमुखांचा हुजऱ्या चावडीच्या ओट्यावर उभा राहायचा आणि तोंडाला हात लावून एकेकाचं नाव पुकारायचा, "हणम्याऽऽ, तुळश्याऽऽ." वेठीच्या माणसाला पूर्ण नाव नसायचंच. ज्याचं नाव आलं त्यानं असेल तिथून ओरडायचं, "हाजर." जेवत असला तरी, नाहीतर ओढ्यावर बसलेला असला तरी. मग वाड्यावर जायचं आणि सांगतील ते करायचं, फुकट. हणमंताकडं वाड्यातला पंखा होता. छताला टांगलेल्या झालरीची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधून तो दुपारभर ओढत बसायचा, आणि आत अप्पासाहेब देशमुख झोपायचे. त्याच्या बापानं हेच केलं होतं. बाप मेला तो ऐन उन्हाळ्यात. मढं अंगणात, आणि चावडीवरून हाक आली. हणमंता "हाजर" म्हणाला आणि पंखा ओढायला गेला. बापाला भावकीनं नेलं. ही गोष्ट त्यानं मला एकदाच सांगितली, तीही भाता चालवता चालवता, माझ्याकडं न बघता. मला अप्पासाहेबांचा राग आला तो तेव्हापासूनचा, आणि तो अजून गेलेला नाही.

वेठ उठली तेव्हा गावातून पहिला निघाला तो हणमंता. आयुष्यभर एका माणसाला वारा घातला, आता भट्टीला घालू लागला. फरक काय वाटतो असं मी एकदा विचारलं. म्हणाला, "अण्णा, भट्टी घोरत न्हाई."

वर्ष-दोन वर्षांनी अप्पासाहेब स्वतः माझ्या दुकानी आले. टांग्यातून उतरले ते छत्री धरून. छत्री धरणारा माणूस गेल्यामुळं ती आता त्यांनाच धरावी लागे, आणि सवय नसल्यानं ती त्यांच्या डोक्यावर कमी आणि शेजाऱ्याच्या डोळ्यात जास्त जाई. माणूस म्हणजे मिशा, बाकीचं शरीर मिशांच्या सोयीसाठी. दोन्ही टोकं वर वळवलेली, लिंबू ठेवलं तर राहील अशी. त्या गावात तशा मिशा ठेवायची दुसऱ्या कुणाला परवानगी नव्हती. भात्यावर बसलेल्या हणमंताकडं त्यांनी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

"चन्नप्पा," ते मला म्हणाले, "तुला मिसर ठाऊक हाय का?"

मिसर म्हणजे इजिप्त. आमच्याकडं उर्दूमुळं तेच नाव चालायचं. मी हो म्हणालो. मागून हणमंतानं हळूच विचारलं, "दाताला लावायची ती मिसरी का, अण्णा?"

अप्पासाहेब जमिनीच्या भानगडीसाठी हैदराबादला गेले होते. कचेरीतला साहेब भेटेना म्हणून वेळ घालवायला म्युझियममध्ये शिरले. तिथं त्यांनी मिसरातलं मढं पाहिलं, आणि मढ्यासंगं पुरलेल्या वीतभर उंचीच्या बाहुल्याही पाहिल्या. तिथल्या माणसानं त्यांना समजावलं, की परलोकात कामाची हाक आली की ही बाहुली 'हाजर' म्हणते आणि काम करायला जाते. 'हाजर' हा शब्द ऐकल्यावर अप्पासाहेबांनी पुढचं काही ऐकलं नाही. एवढ्या दूरच्या मुलखात आपल्यासारखी शहाणी माणसं होऊन गेली, याचंच त्यांना कौतुक वाटत राहिलं.

"मला दमा हाय," ते म्हणाले. "आज हाय, उद्या न्हाई. तू मला सात बाहुल्या करून दे. बिदरीच्या. हुबेहूब मिसरावानी. छातीवर चांदीत 'हाजर' लिही. पायावर नाव. एकेका बाहुलीला माझ्या एकेका माणसाचं तोंड. हणम्याचं तर तुझ्या म्होरंच हाय, बघून कोर."

भाता थांबला.

आता हेही सांगायला हवं, की अप्पासाहेब आमच्यातलेच, लिंगायत. आमच्यात माणसाला बसवून, विभूती घालून पुरतात. जीव शिवाशी एक होतो, त्यानंतर काही उरत नाही. शिवाय आपलं काम आपण करावं हीच आमच्या धर्माची पहिली शिकवण. गळ्यात लिंग बांधून अप्पासाहेबांनी ती आयुष्यभर दुसऱ्यांकडून पाळून घेतली होती. आता त्यांना शिवाच्या घरीसुद्धा पंखा ओढणारा पाहिजे होता. मी हे तोंडावर बोललो नाही. चांदीचं काम माझ्याकडं महिनोन्‌महिने आलं नव्हतं, आणि बटणं करून करून माझा हात उतरत चालला होता. मी काम घेतलं.

टांगा गेल्यावर हणमंता माझ्यापुढं येऊन उभा राहिला.

"अण्णा, माझं तोंड कोरू नगा."

"अरे, जस्ताची बाहुली ती. तुला काय होतंय?"

"जस्ताची असू द्या. नाव माझंच की. ह्येनं हाक मारली म्हंजी?"

"मेलेला माणूस हाक मारतो व्हय?"

"ह्यो मारंल," हणमंता म्हणाला. "तुमाला ठाव न्हाई ह्यो. जिता हाय तवर पळून आलो, अण्णा. मेल्यावर कुठं पळू?"

मी त्याची चेष्टा केली. त्याला हसू आलं नाही, आणि हळूहळू माझंही ओसरलं. वेठीतून सुटलेला माणूस आपल्या मरणाकडं सुट्टी म्हणून बघत होता, आणि कुणीतरी येऊन तीही कापून घेत होतं. बाहुली झाली तर मी जातो, असं तो म्हणाला. जाणार कुठं, ते त्यालाही माहीत नव्हतं. मी कबूल केलं, की आधी मिसरातली बाहुली बघतो, मग काय ते ठरवू. तशीही नमुना पाहिल्याशिवाय छिन्नी धरायची मला सवय नव्हती.

हैदराबादला गेलो. म्युझियममधले साहेब म्हातारे, पान खाणारे, गोड बोलणारे होते. कुणी काही विचारत नाही म्हणून खंतावलेले. मी बिदरीवाला आहे आणि बाहुली बघायला आलोय, म्हटल्यावर त्यांनी कपाटातून एक काढून हातावर ठेवली. निळसर हिरव्या चकाकत्या मातीची. मढ्यासारखी गुंडाळलेली, हात छातीवर एकमेकांवर घेतलेले आणि दोन्ही हातांत कुदळी. पाठीवर बियाण्याची झोळी. काम फार नेटकं होतं. करणाऱ्याला मी मनातून हात जोडले.

"हा कुणाचा नोकर?" मी विचारलं.

साहेब हसले. "यही तो सब समझते. मियाँ, ये नौकर नईं. ये तो खुद मालिक है."

त्यांनी बाहुलीच्या पायावरचं चित्रांसारखं लिखाण दाखवलं. ते मेलेल्या धन्याचंच नाव होतं. मिसरातले लोक मानत, की परलोकातही एक राजा आहे, आणि तो सगळ्यांना वेठीला बोलावतो. नांगरायला, पाटाचं पाणी फिरवायला, वाळू वाहायला. तिथं मोठा-लहान नाही, धन्याच्याही नावानं हाक येते. म्हणून पैसेवाले आपलीच मूर्ती, आपल्याच नावाची करून संगं ठेवत. हाक आली की धन्याच्या बदली ती म्हणणार, मी हाजर. पुढं पुढं तर श्रीमंतांनी वर्षाच्या प्रत्येक दिवसाला एक अशा बाहुल्या नेल्या, आणि त्या कामचुकारपणा करतील म्हणून वर चाबूकवाल्या मुकादम बाहुल्याही नेल्या.

"म्हंजी बेगार तिथंबी होती?" मी विचारलं.

"थी मियाँ. और मरने के बाद भी माफ नईं थी."

येताना रेल्वेत मी एकटाच हसत होतो. शेजारची बाई सरकून बसली.

हणमंताला सगळं सांगितलं. मग त्यानं एकच विचारलं, "म्हंजी हाक मालकाच्या नावानं येती?" मी म्हणालो, व्हय. तो भात्यावर जाऊन बसला आणि त्या दिवशी त्यानं भट्टी अशी पेटवली की धातू वेळेआधी वितळला.

अप्पासाहेबांनी मला हुबेहूब मिसरासारखं करायला सांगितलं होतं, आणि गिऱ्हाइकाचा शब्द मी मोडत नाही. ते अधूनमधून काम बघायला यायचे, खुर्चीवर बसून दम खात. ते बाहुल्यांकडं बघत आणि मी त्यांच्याकडं. नाकाचा फुगीर शेंडा, डोळ्यांखालच्या पिशव्या, हनुवटीवरचा चामखीळ, एकेक करून मी सगळं उचललं. मिशांना चांदीची जाड तार वापरली आणि टोकं नीट वर वळवली. त्यांना काही कळलं नाही. मोरचूद उतरलेला होता, सगळं करड्यावर करडं. एकदा एक बाहुली डोळ्यांजवळ धरून म्हणाले, "हणम्यासारखाच दिसायलाय की रे." मी म्हणालो, "काळं केल्यावर बघा."

काळं करायच्या दिवशी ते मुद्दाम आले. हे काम मी कुणाच्या हातात देत नसे, पण त्या दिवशी हणमंतानं मागून घेतलं आणि मी दिलं. बाहुल्या तापवल्या. हणमंतानं मातीचा लगदा हातावर घेतला आणि पहिल्या बाहुलीच्या तोंडावर चोळायला लागला. सावकाश, कपाळापासून हनुवटीपर्यंत.

अप्पासाहेब खुशीत होते. "हणम्या, आपलंच तोंड काळं करायलास की रे."

"करायलोय, अप्पासाहेब," हणमंता म्हणाला. "चांगलं करायलोय."

त्यानं बाहुली पाण्यातून काढली, तेलाचं फडकं फिरवलं आणि अप्पासाहेबांच्या हातात दिली. काळ्याभोर तोंडावर चांदीच्या मिशा झगमगत होत्या, दोन्ही टोकं वर. छातीवर 'हाजर'. हातांत कुदळी. पायावर 'वीरभद्रप्पा', म्हणजे अप्पासाहेबांचंच नाव.

त्यांनी ती उलटीसुलटी केली. एक हात आपोआप स्वतःच्या मिशीकडं गेला. मला वाटलं, आता काठी बसणार. मी ऐरणीच्या पलीकडं सरकलो.

"ह्ये मी हाय," ते म्हणाले.

"व्हय."

"माझ्या हातात कुदळ कामून?"

मी साहेबांनी सांगितलेलं सगळं सांगितलं, काही न गाळता. राजाची हाक, धन्याचं नाव, नांगर, पाणी, वाळू. त्यांचा दम वाढत गेला. इतकी वर्षं ह्या माणसानं मरणाचा विचार केला असेल, पण तिथं आपल्यालाही कुणी हाक मारील हे त्याच्या मनाला शिवलं नव्हतं. त्यांच्या तोंडावर भीती मी त्या दिवशी प्रथम पाहिली, आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

"मला बी हाक मारतेत?"

"मिसरात राजालाबी मारत होते म्हणे."

"पंखा असतो का तिथं? ओढायचा?"

"पंख्याचं साहेब काही बोलले न्हाईत."

ते हणमंताकडं वळले. गावातून आल्यापासून पहिल्यांदाच त्यांनी त्याच्याकडं सरळ पाहिलं. "हणम्या, तुला इचारतो. वाड्याला किती माणसं लागत होती रे?"

हणमंता दुसऱ्या बाहुलीचं तोंड चोळत होता. "मोजली कुणी, अप्पासाहेब? हाक मारली की समदा गाव."

अप्पासाहेबांनी मान हलवली. हिशेब त्यांच्याइतका कुणाला ठाऊक होता? मग ते माझ्याकडं वळून, अगदी हळू आवाजात म्हणाले, "चन्नप्पा, सातांत भागत न्हाई. वाढव."

मी हसलो नाही. नवी मापं घेतली. घरातली चांदीची ताटं मोडून त्यांनी तार आणवली, आणि मी अप्पासाहेबांवर अप्पासाहेब ओतत गेलो. कुणी विचारतं, तुमचं सगळ्यात चांगलं काम कोणत्या म्युझियममध्ये आहे? ते खटकचिंचोळीच्या अलीकडं एका मळ्यात, जमिनीखाली आहे. बटणांनी उतरलेला हात त्या बाहुल्यांनी परत आणला, आणि त्या मला पुन्हा बघायला मिळणार नाहीत. जस्त एव्हाना खाल्लं गेलं असेल. मिशा असतील. याचं वाईट वाटतं, अजूनही वाटतं.

दम्यानं ते गेले तेव्हा हैदराबाद राज्याचीच वाटणी व्हायची बोलणी चालली होती. निरोप आला. हणमंता म्हणाला, मीबी येतो. मला नवल वाटलं. म्हणाला, "बाहुल्या खड्ड्यात पडलेल्या डोळ्यानं बघायच्या हाईत. वरच्यावर कुणी बदलून माझ्या तोंडाची घातली तर?"

आम्ही गेलो. अप्पासाहेबांना बसवलं, विभूती घातली, बेलाची पानं घातली. मग त्यांच्या मुलानं परडीतून बाहुल्या काढून भोवतीनं मांडल्या. हणमंता कडेला वाकून प्रत्येक बाहुलीचं तोंड बघत होता. शेवटची ठेवल्यावर सरळ उभा राहिला.

खड्ड्यात माती लोटायची वेळ आली. जुना हुजऱ्या अजून होता, थकलेला. सवयीनं त्यानं तोंडाला हात लावला आणि दोन-तीन नावं पुकारली. ती माणसं तिथंच उभी होती, पण कुणी 'हाजर' म्हणालं नाही. सगळी आपापल्या जागी उभी राहून बघत होती, तमाशाला आल्यासारखी. शेवटी मुलानं आणि जावयानं रेशमी धोतरं खोचली आणि फावडी हातात घेतली. फावडं कुठून धरायचं, यावर त्यांचा थोडा वाद झाला. आपलं काम आपण करायचा धर्म त्या घराण्यानं त्या दिवशी पहिल्यांदा पाळला.

लोक पांगले. मी बैलगाडीकडं निघालो आणि मागं पाहिलं तर हणमंता येत नव्हता. तो ताज्या मातीच्या ढिगाजवळ एकटा उभा होता. मी परत गेलो. त्यानं दोन्ही हात तोंडाशी नेले आणि चावडीवरच्या त्याच सुरात, लांबवून हाक मारली, "वीरभद्र्याऽऽ."

मग तो वाकला आणि मातीला कान लावून थांबला. मीही थांबलो. मळ्यात वारा होता, दुसरा काही आवाज नव्हता.

"काय रे?" मी विचारलं.

तो उठला, कानाची माती झटकली आणि माझ्याबरोबर चालू लागला.

"हाजर म्हणलं न्हाई, अण्णा," तो म्हणाला. "सवय न्हाई त्येला अजून. शिकंल."